डोकी मोजायची की सातबारा?

माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी. घरात पाच माणसं असतील तर अडीच एकर, आणि घर त्याहून मोठं असलं तरी अडीच एकरच. ज्याच्या नावावर पंचवीस एकर आहे त्यालाही हेच माप, आणि ज्याच्या नावावर एक गुंठा नाही त्यालाही हेच. शेताच्या पाण्याचा हा हिशेब पन्नास वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात मांडला गेला. माझं आजोळ त्याच तालुक्यातलं. त्यामुळे हे माप मी लहानपणापासून मोठ्यांच्या वादावादीत ऐकत आले. कुणी त्याचं नाव आदराने घ्यायचं, कुणी चिडून. पण ऐकून गप्प बसलेलं मात्र कुणी आठवत नाही.

गोष्ट १९७२ च्या दुष्काळातली. विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंता आणि कारखानदार. पुरंदरमध्ये फिरताना त्यांना दिसलं की दुष्काळी कामांवर हजारो माणसं रस्त्याची खडी फोडत बसली आहेत. मजुरी मिळते, सुकडी मिळते, पोट कसंबसं भरतं. पण पुढच्या वर्षी पाऊस हुकला तर याच माणसांना पुन्हा खडीच फोडायला यावं लागणार. हेच हात ताली घालायला, तळी खोदायला का लावू नयेत, हा त्यांचा प्रश्न होता. नायगावला एका देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांधबंदिस्ती केली, पाणी अडवलं, खाली विहीर काढली आणि त्या माळावर पिकं उभी केली. १९७४ साली ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन झालं आणि त्यातून पाणी पंचायत, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटांनी पाणी मिळून वाटून घ्यायची चळवळ, उभी राहिली. बेताचं पाणी जपून वापरलं तर एका माणसाचं पोट किती जमिनीवर भरू शकतं, या खटपटीतून ते अर्ध्या एकराचं माप आलेलं आहे.

इथवरचं काम पाणी अडवण्याचं झालं, आणि ते महाराष्ट्रात इतरांनीही केलं. मला थांबवतात ते त्यापुढचे नियम. पाण्याची योजना एकट्यादुकट्याला मिळणार नाही, गटालाच मिळेल. खर्चाचा पाचवा हिस्सा गटाने पदरचा घालायचा. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात. शेत विकलं तरी पाण्याचा हक्क शेताबरोबर जाणार नाही, तो गटाकडे परत येईल. भूमिहीनालाही वाटा, त्याने हवं तर कुणाची जमीन वाट्याने करावी आणि स्वतःचं पाणी घेऊन तिथे उभं राहावं. ऊस कुणीच लावायचा नाही. आणि पाणी सोडणारा पाटकरी गटाने आपल्यातूनच नेमायचा.

हे नियम वाचताना आपल्याला जाणवत नाही, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम रूढ व्यवहाराच्या विरुद्ध आहे. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी, की जमीन ज्याची तिच्या खालचं पाणी त्याचं. सातबारा असेल तर विहीर, विहीर असेल तर पाणी. ज्याच्याकडे सातबारा नाही तो या हिशेबात दिसतच नाही. बहुतेक बायका दिसत नाहीत, कारण उताऱ्यावर नाव नवऱ्याचं किंवा दिराचं. पाणी पंचायतीने माणसं मोजायची ठरवली तेव्हा घरातली म्हातारी मोजली गेली, विधवा सून मोजली गेली, रांगतं पोरही मोजलं गेलं. पाण्याचा एक थेंबही न वाढता वाट्याची माणसं बदलली. आपण शाश्वत विकासावर बोलतो तेव्हा सगळा वेळ "पाणी किती?" या प्रश्नात जातो. ते कशाच्या मापाने वाटायचं हे कुठल्याच यंत्रावर मोजता येत नाही, ते माणसांनी समोरासमोर बसून ठरवावं लागतं, आणि बरोबर तोच प्रश्न आपण टाळतो.

माझ्या मामाला हे माप कधीच पटलं नाही. त्याचं म्हणणं मी इथे नीट मांडणार आहे, कारण विरोध करणारा माणूस म्हणजे लोभी माणूस, असं ठरवून टाकणं फार सोपं असतं. मामाने विहीर खोदली ती कर्ज काढून. मामीने दागिने मोडले. पहिल्यांदा खडक लागला, पुन्हा सुरुंग लावले. "आरं, खड्ड्यात उतरायच्या येळेला कुणी माझी डोकी मोजली न्हाईत," तो आजोबांना म्हणायचा, "आन् पानी लागल्यावर समद्यांची डोकी मोजायची?" यात खोट कुठे आहे? ज्याने धोका पत्करला, राबला, त्याला जास्त मिळावं, हेही न्यायाचंच मूल्य आहे. आजोबांचं मूल्य वेगळं होतं. त्यांच्या मते विहीर मामाची, पण झरा काही मामाने खोदलेला नाही. तो वरच्या अंगाच्या रानातून येतो, आणि ते रान ज्यांनी राखलं त्यांचाही त्यात वाटा आहे. दोघेही आपापल्या जागी खरे होते. एकच पाणी एकाला कष्टाचं फळ दिसत होतं, दुसऱ्याला सामायिक ठेव. भूजलाचा कितीही अचूक नकाशा आणून दिला असता तरी हा वाद मिटला नसता.

उसाबद्दलही तसंच. कृषी खर्च व मूल्य आयोगाने म्हटलेलं आहे, की महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीपैकी ४ टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी तो घेतो. हा आकडा मी एकदा मामापुढे ठेवला. त्याने तो नाकारला नाही. तो एवढंच म्हणाला, "उसाला कारखाना हाय. कांद्याला कोण हाय?" उसाला सरकार दर बांधून देतं, तोडणीची टोळी कारखाना पाठवतो, गारपिटीतही ऊस बऱ्यापैकी तगतो. कांदा मात्र एका आठवड्यात भाव पडून शेतात सडतो. ज्याला आपण पाण्याची उधळपट्टी म्हणतो ती शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर सुरक्षिततेची एकुलती वाट असते. उसाला बंदी घालणाऱ्याने बाजरी, हरभरा, कांदा यांचा धोका कोण उचलणार याचंही उत्तर द्यायला हवं. पाणी पंचायतीची बंदी मला पटते, पण तिचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून शहराने टाळ्या वाजवाव्यात हे पटत नाही.

सामूहिक निर्णयाच्या आपल्याकडे जुन्याही रीती आहेत. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्यातून पाट काढायचा, त्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे पट्टे, पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा कोणत्या फडात काय लावायचं हे शेतकरी बसून ठरवत. पाणी कमी असलं की एखादा फड पडीक ठेवत. बहुतेकांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्याने तोटा एकट्यादुकट्याच्या अंगावर न येता सगळ्यांत वाटला जाई. पाटकरी, जागल्या, हवालदार अशी माणसं गावच नेमे आणि त्यांना मोबदला गावच देई. हे सगळं मला फार देखणं वाटतं. कुणी अडवून जबरदस्ती करायची गरजच पडू नये अशी ती मांडणी होती. पण त्यातही मोजली जात होती ती जमीनच. जमीन नसलेला माणूस फडावर राबत होता, फडाच्या बैठकीत मात्र नव्हता.

आणि गावाच्या एकोप्याबद्दल भरभरून बोलायला लागलं की मला महाड आठवतं. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळं खुलं असल्याचं जाहीरही केलं. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह जाऊन ते पाणी ओंजळीत घ्यावं लागलं, आणि त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण करण्यात आलं. ज्यांनी विरोध केला त्यांच्या लेखी तोही गावाने एकत्र मिळून घेतलेलाच निर्णय होता. गावाची एकी म्हणून जे मिरवलं जातं त्यात कोण धरलेलं आहे आणि कोण वगळलेलं, हे विचारल्याशिवाय कुठल्याही सामूहिक निर्णयाचं कौतुक करायला माझं मन तयार होत नाही. पाणी पंचायतीत भूमिहीनाला वाटा होता याचं मोल मला म्हणूनच इतकं वाटतं.

हिवरे बाजारचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे. नगर तालुक्यातलं हे अवर्षणप्रवण गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान यांपासून काम सुरू झालं. पाहुणे तिथले बांध आणि झाडी बघून परततात. माझ्या मते तिथली बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, किती मुरला हे गावापुढे मांडतात. मग आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, थोडं जमिनीत पुढच्यासाठी ठेवायचं, आणि उरेल त्यावर पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, जमीन बाहेरच्याला विकायची नाही. तिथे आकडे आहेत, पण ते येण्याआधी क्रम ठरलेला आहे. पहिलं पाणी कुणाचं, मग कुणाचं, हा क्रम ज्या गावाने चांगल्या वर्षी ठरवून ठेवला त्याला वाईट वर्षी भांडावं लागत नाही. टंचाई आल्यावर क्रम ठरवायला बसलेली गावं मी पाहिली आहेत. तिथे ज्याची मोटर मोठी त्याचा पहिला नंबर लागतो.

कशाच्या मापाने वाटायचं, याइतकाच कसं ठरवायचं हाही प्रश्न आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा गाजली. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं ते देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. त्या गावात बहुमताने निर्णय होत नाही. सगळ्यांचं पटेपर्यंत बोलणं चालू राहतं, आणि त्याआधी अभ्यासगट बसून विषय समजून घेतो. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलला जातो. घाईच्या माणसाला हे असह्य होईल. पण मतदानात एक्कावन्न जणांनी एकोणपन्नासांना हरवलं की ते एकोणपन्नास तो नियम पाळायला मनापासून येत नाहीत. जंगल राखणं हे रोजचं काम आहे, आणि रात्री कुऱ्हाड घेऊन एकटा गेलेला माणूस एकटाच असतो. तिथे पहारेकरी पुरा पडत नाही, नियम त्याचा स्वतःचा असावा लागतो.

आता माझ्या घराबद्दल. २०२१ साली २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यातल्या एका गावात आमची सोसायटी आहे. महापालिकेचं पाणी पुरत नाही, उरलेलं टँकरने येतं. उन्हाळ्यात टँकरचा खर्च वाढला की सभेत आवाज चढतात. मागच्या वर्षी विषय होता: नवीन बोअर घ्यायची, की प्रत्येक फ्लॅटला मीटर लावून पाणी मोजायचं? त्या संध्याकाळी मला मामा आणि आजोबा पुन्हा ऐकू आले, फक्त भाषा शहरी होती. एका गृहस्थांचं म्हणणं, आमचा फ्लॅट परदेशातल्या मुलाचा, वर्षभर बंद, आम्ही टँकरचे सारखे पैसे का द्यायचे? तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे अंथरुणाला खिळलेले सासरे. त्या म्हणाल्या, मीटर लागला की रोज दोनदा चादरी धुणारं घर गुन्हेगार ठरणार का? एक तरुण जोडपं म्हणत होतं, दर लिटरमागे पैसे घ्या, ज्याला परवडेल तो वापरेल. ते ऐकून एक निवृत्त शिक्षक ताडकन उठले. "म्हणजे ज्याच्याकडे पैसा, त्याने अंगण धुवावं?" ते म्हणाले. चौघांच्या तोंडी न्यायाच्या चार निरनिराळ्या कल्पना होत्या: वापराप्रमाणे, गरजेप्रमाणे, ऐपतीप्रमाणे, आणि सर्वांना सारखं.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाणीपट्टी कशी आकारायची ते लिहिलेलं आहे: प्रत्येक गाळ्यातल्या नळांची संख्या आणि त्यांचा आकार यांप्रमाणे. सेवाशुल्क मात्र सर्व गाळ्यांना समान. म्हणजे आपल्या कायद्याने शहरातही नळ मोजले, गाळे मोजले. माणसं मोजली नाहीत. आणि सभेत मत कुणाला, तर सभासदाला. भाडेकरूला नाही. आमच्या इमारतीत निम्म्याच्या आसपास घरं भाड्याची आहेत. टँकर चुकला की बादल्या घेऊन खाली उतरतात ती या भाड्याच्या घरांतली मुलं, आणि घराघरांत भांडी घासणाऱ्या बायका, ज्यांचं काम अडतं आणि दिवस लांबतो. त्यांच्यापैकी त्या सभेत कुणी नव्हतं. पुरंदरच्या माळावर १९७४ च्या सुमारास भूमिहीनाला मिळालेली जागा पुण्यातल्या सुशिक्षित सोसायटीत भाडेकरूला अजून मिळालेली नाही, याचा मला राग येतो, आणि तो राग मी सभेत बोलूनही दाखवला. शेवटी हात वर झाले आणि बहुमताने बोअर मंजूर झाली. ती का नको होती याच्या भूशास्त्रीय कारणांवर बराच वेळ चर्चा झाली होती. चार जणांनी मांडलेल्या त्या चार न्यायांवर मात्र कुणी पाच मिनिटंही थांबलं नाही.

मी हे सगळं मामाला सांगितलं. आता तो थकला आहे, शेत मामेभाऊ बघतो. मला वाटलं होतं तो हसेल. पण त्याने मलाच पेचात टाकलं. "डोकी मोजायची म्हनतीस, तर तुमच्या पुन्याची डोकी किती? आन् आमची किती? धरणाचं पानी डोक्यावं वाटलं तर समदं तुमच्याकडंच जाईल की."

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, म्हणून मी शोधायला बसले. सरकार पाणी पुरवताना डोकी मोजतंच. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटरचं माप आहे. मलनिःसारणाची व्यवस्था असलेल्या शहरात हेच माप १३५ लिटर धरतात. त्याला तांत्रिक कारण आहे. गटारात मैला वाहून न्यायला पाणी लागतं. पण कारण कळलं तरी मन मानत नाही. पुरंदरच्या बाईचं डोकं ५५ आणि माझं १३५. आणि हे माझ्या शौचालयासाठी वाहणारं पाणी जातं कुठे? मुळा-मुठेत. तिथून ते पुरंदर उपसा सिंचन योजनेच्या पंपांनी उचललं जातं आणि डोंगर चढवून मामाच्या तालुक्यात सोडलं जातं. आमच्या सोसायटीने वापरून फेकलेलं पाणी, नीट शुद्ध होवो न होवो, तिथे पिकांना दिलं जातं, विहिरींत मुरतं. शेतकऱ्याला त्याचे पैसे भरावे लागतात.

मामाला मी हे सांगितलं, आणि माझं मतही सांगितलं. अर्धा एकर हे पोटापुरतं माप होतं. कमाल मर्यादा होती तशीच ती किमान हमीही होती. शहराने डोकी दाखवून अमर्याद पाणी मागावं असा त्याचा अर्थ होत नाही. माणशी जगण्यापुरतं पाणी आधी, गावात आणि शहरात एकाच मापाने. शेतकऱ्याला पोटापुरत्या पिकाचं पाणी त्याच्या पाठोपाठ. आणि मोटारी धुणं, बागा, ऊस, कारंजी त्यानंतर. जो पाणी घाण करेल त्याने ते स्वच्छ करून पुढे द्यायचं. मामा म्हणाला, "पोटापुरतं म्हंजी किती, ते तुमी ठरवनार का आमी?" मी म्हटलं, दोघांनी बसून. त्यावर तो बराच वेळ बोलत होता, की अशी बैठक त्याच्या हयातीत एकदाही झाली नाही. कालव्याच्या सल्लागार समितीत पुढारी बसतात, आकडे आधीच ठरलेले असतात. ते मला नाकारता आलं नाही.

पुढच्या वार्षिक सभेसाठी मी चिटणीसांकडे तीन विषय लेखी दिले आहेत. पाण्यावरच्या चर्चेत भाडेकरूंना बसू द्यावं आणि बोलू द्यावं. प्रत्येक घरातली माणसं मोजून, आजारी माणसाला जादा धरून, तेवढं पाणी सगळ्यांना एकाच दराने द्यावं आणि त्यावरचं महाग करावं. आणि आपल्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून किती पाणी खरोखर शुद्ध होऊन बाहेर पडतं याचा अहवाल दर महिन्याला फलकावर लावावा. पहिले दोन विषय त्यांनी घेतले. तिसऱ्याबद्दल ते म्हणाले, आपल्या दारातून पाणी बाहेर गेलं की तो आपला विषय उरत नाही. मी मामाच्या तालुक्यातल्या पंपांची माहिती जोडून अर्ज पुन्हा दिला आहे.